पश्चिमेची काच आणि बाहेरची चिक



आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण. नेमकं त्याच वेळी पश्चिमेच्या मोठ्या काचेतून ऊन थेट ताटात. वरचा छज्जा डोक्यावरच्या उन्हाला पुरतो, मावळतीचं ऊन आडवं येतं. आतून जाड पडदा लावला, तर तोच तापायचा आणि उष्णता घरातच राहायची.

चैत्रात एक होला त्या काचेवर आपटला. काचेत त्याला आभाळ दिसलं असणार. णमोकार म्हणेपर्यंत गेला. सासूबाई त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीला ले कॉर्बुझिए यांनी १९५४ साली पश्चिमेकडून काँक्रीटच्या तिरक्या उभ्या पट्ट्या लावल्या, हे दिरांनी सांगितलं. म्हणजे ऊन बाहेरच अडवायचं! वाळ्याचा पडदा मनात होता, पण त्यावर सतत पाणी मारायचं, ओलाव्यात जीव होणार. म्हणून काचेबाहेर वीतभर अंतर सोडून बांबूची कोरडी चिक लावली. सोसायटी आधी 'इमारतीची शोभा जाते' म्हणाली; होल्याचं ऐकून तयार झाली.

आता चिक तापते, पण ती उष्णता बाहेरच्या बाहेर जाते. जेवताना एसी लागत नाही. पाखरूही पुन्हा आपटलं नाही. गुंडाळण्याआधी मात्र चिक हलकेच हलवते. आत कोळी, पाल बसलेली असते.

सासूबाई म्हणाल्या, "आत आलेलं काढत बसणं ही निर्जरा. बाहेरच थोपवणं हा संवर."

पाठशाळेत पाठ केलेला शब्द मला खिडकीपाशी कळला.