हातातली रोझरी

कॅथलिक माणसाला रोझरीइतकी लांबची सोबत दुसरी कुठलीच वस्तू करत नाही. प्रथम ख्रिस्तशरीर घेण्याच्या सुमारास ती पोराच्या हातात येते आणि शेवटी शवपेटीत जोडलेल्या हातांभोवती गुंडाळली जाते. मधली सगळी वर्षे ती उशीखाली, पर्समध्ये, गाडीच्या आरशाला, आजारपणात खाटेच्या दांडीला असते. एकोणसाठ मणी आणि एक क्रूस. आपली श्रद्धा सामान्य माणसाच्या ताब्यात ठेवली ती या माळेने, असे माझे ठाम मत आहे. मिस्सेला फादर लागतात, वेदी लागते. रोझरीला घरातली आजी पुरते. मठवासी दीडशे स्तोत्रे म्हणत, पण ज्यांना अक्षरओळख नव्हती ते त्याऐवजी दीडशे वेळा प्रार्थना म्हणू लागले. रोझरीची मुळे तिथे आहेत, निरक्षरांच्या भक्तीत.

श्रद्धा सामान्य माणसाच्या हाती टिकते, याचा सर्वांत मोठा पुरावा जपानमध्ये सापडतो. गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली तिथे पोचले. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे धर्मगुरू उरले नाहीत. तरी 1865 साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही खेडूत आले आणि त्यांनी आपली श्रद्धा फादरांपाशी उघड केली. दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या घराण्यांनी बाप्तिस्मा आणि तोंडपाठ प्रार्थना गुपचूप जपल्या होत्या. आपल्या वसईची गोष्ट इतकी कठोर नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, पण मोजकी चर्च राहू दिली गेली आणि एतद्देशीय धर्मगुरूही राहिले. त्यामुळे वसईतला विश्वास टिकला याचे सगळे श्रेय रोझरीला देता येणार नाही. मात्र राजाश्रय गेल्यावर धर्म उंबरठ्याच्या आत जगावा लागतो, आणि तिथे माजघरातल्या प्रार्थनेचा आधार मोठा असतो, हे नाकारता येत नाही.

आक्षेप जुना आहे: तेच ते शब्द पुन्हा पुन्हा कशाला? पोकळ बडबड करू नका, असे येशूनेच मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पण त्याच शुभवर्तमानात गेथशेमाने बागेत तो तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, आणि 136 व्या स्तोत्रात एकच ओळ सव्वीस वेळा येते. निषेध पोकळपणाचा आहे, पुनरुक्तीचा नाही. नामस्मरणाच्या या महाराष्ट्रात ते वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय ओठांवर शब्द असताना मन ख्रिस्ताच्या जीवनातल्या एकेका रहस्यावर असावे, अशी रोझरीची रीतच आहे. 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्ये जोडली, तेव्हा जन्म आणि दुःखसहन यांच्यामधले येशूचे कार्यही तिच्यात आले. मन भरकटते, डोळे मिटतात, हे खरे. पण दुःखाच्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा पाठ असलेले हेच शब्द तोंडात येतात.

मला काळजी वाटते ती आक्षेपाची नाही, सवय सुटण्याची. ऑक्टोबरमध्ये वाडीच्या क्रूसाजवळ गर्दी होते, उरलेले अकरा महिने घरे गप्प असतात. पाच रहस्यांना वीस मिनिटे पुरतात. आज संध्याकाळी टीव्ही बंद करा, आणि एक रहस्य घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांगू द्या.