चाडं आणि वज्री

शेजारचे काका तिफणीचं चाडं सरपणात टाकायला निघाले होते. मी मागून घेतलं. लाकडाची वाटी, तळाला भोकं. पेरणाऱ्या बाईने त्यावर मूठ धरायची; ज्वारी नळ्यांतून तासात पडायची. दाणा दाट पडणार की विरळ, ते त्या मुठीवर. ट्रॅक्टरची पेरणी आली आणि परभणीच्या शिवारातून हे कसब उठलंच.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवलं. दिनकर केळकर म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. १९२०च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली: दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती. संग्रहाला नाव दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. तलवारी कुणीही जपेल हो. टाच घासायची वज्री जपायला वेगळीच नजर लागते.

आमच्या गंगाखेडची जनाबाई. तिचं म्हणून दाखवतात ते जातं पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आहे. इकडे मात्र जाती उकिरड्यावर, नाहीतर धाब्याच्या दारात शोभेला.

पण नुसती वस्तू मुकी असते. धान्याचं पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली कोंदट हवा जीव घेते. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. हे कुठल्या काचेच्या कपाटात दिसणार?

म्हणून गावच्या शाळेने अशा वस्तूंसाठी एक खोली द्यावी आणि पोरांनी आजी-आजोबांचं बोलणं मोबाइलवर टिपावं. पैसा फारसा लागत नाही. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा.