दिसायला छान, पण चालतं का?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी मेल-फीमेल जॉब घासलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, एक कानस आणि तळहातावर फोड. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसली पाहिजे. मग सर तो जॉब ट्यूबलाईटसमोर धरणार आणि फटीतून उजेड किती येतो ते बघून मार्क देणार. आमच्या बॅचमधल्या एका महाभागाने एमरी पेपर मारमारून जॉब आरशासारखा चमकवला होता. सरांनी उजेडासमोर धरला, फट बघितली, म्हणाले, "भांग छान पाडता येईल यात बघून." मार्क चार.

पुढे मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि नोकरी लागली जावामध्ये (यात नवीन काही नाही, अर्धं पुणं असंच आहे). कानशीचा संबंध संपला. तो पुन्हा आला थेट टेक्ससमध्ये, आणि तोही एका पिस्तुलाच्या निमित्ताने.

आधी एक खुलासा, नाहीतर आई वाचून फोन करेल. मी इथे एच-वन-बीवर आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं अमेरिकेच्या फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण मी ते काढलेलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते सगळं दोन्ही हात खिशात घालून बघितलेलं आहे. म्युझियममध्ये बघतो तसं. :)

तर आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. पन्नाशीचा, शांत, माझ्या कोडमधले बग शोधण्यात आयुष्याची सार्थकता मानणारा. त्याचे वडील व्हिएतनामहून परत आल्यावर त्यांनी एक पिस्तूल घेतलं होतं. ते गेले, आणि पिस्तूल आईकडे राहिलं. आई एकटी राहते, गावापासून लांब, शेतावर. फोन केल्यावर पोलीस यायला अर्धा तास सहज लागतो. टेस्टरला ते पिस्तूल 'कस्टम' करून आईला द्यायचं होतं. वडिलांची आठवण, एकदम झकास रूपात. शनिवारी गनस्मिथकडे जाणार होता, मी म्हटलं मीही येतो.

हे पिस्तूल म्हणजे १९११. मॉडेलचं नावच सालावरून पडलंय. जॉन ब्राउनिंग नावाच्या माणसाचं डिझाईन. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने त्याच्यातून ६००० गोळ्या झाडून चाचणी घेतली. फार तापलं की पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडलं नाही म्हणतात. २९ मार्चला लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. चौऱ्याहत्तर वर्षं! आपलं एखादं रिलीज चौऱ्याहत्तर दिवस पॅचशिवाय चाललं तर आपण पार्टी मागतो.

मजा म्हणजे ते 'परफेक्ट' डिझाईनही लष्कराने १९२० च्या दशकात बदललंच. चाप आखूड केला, चापामागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट कापलं, मुठीची मागची बाजू थोडी फुगीर केली, आणि घोडा मागे येताना अंगठ्याजवळची कातडी चिमटायचा म्हणून तिथलं शेपूट लांब केलं. म्हणजे यंत्र होतं तेच, आणि बदललं ते फक्त जिथे माणसाचा हात लागतो तिथलं.

कस्टमचा धंदा खरा वाढला तो इथूनच. कॅलिफोर्नियात आर्मंड स्वेन्सन नावाचा एक गनस्मिथ होता. दोन्ही हातांना चालेल असा सेफ्टीचा खटका करण्याचं श्रेय त्याला देतात. चापाभोवतीची गोल कडी पुढून चौकोनी करायची पद्धतही त्याच्यामुळे गाजली. कारण साधं होतं, दुसऱ्या हाताचं बोट तिथे टेकवता यावं. मग सगळ्यांनाच चौकोनी कडी हवीशी वाटायला लागली, बोट टेकवणाऱ्यांना आणि न टेकवणाऱ्यांनाही. पुढे नेम धरायची पद्धत बदलली, बोट तिथून निघालं आणि कडी पुन्हा गोल झाली. चौकोनी कडीचं पिस्तूल आता बेलबॉटमसारखं वाटतं. कारणाने जन्माला आलेली गोष्ट फॅशन कधी होते हे ती करणाऱ्यालाही कळत नसावं.

आमच्या टेस्टरने एक प्रिंटआऊट आणला होता. (टेस्टरच तो, रिक्वायरमेंट डॉक्युमेंटशिवाय कसा येईल?) आरशासारखं निळंकाळं पॉलिश, स्लाईडच्या पुढच्या भागावर जादा खाचा, मुठीच्या पुढच्या बाजूला बारीक चौकड्या, पूर्ण लांबीचा गाईड रॉड, जाळीदार चाप, आणि वडिलांची आद्याक्षरं सोन्यात. अशा कामाचे चार-पाच हजार डॉलर सहज होतात.

गनस्मिथ सत्तरीचा असेल. त्याने प्रिंटआऊट वाचला, घडी केली आणि विचारलं, "हे वापरणार कोण?"

"आई."

"मग तिला घेऊन ये."

आता इथे आमचं गणित बदललं. पुढच्या शनिवारी आई आली. सत्तरी ओलांडलेली, काटक, बोटांची पेरं सुजलेली. प्रिंटआऊट तिने चष्मा वर करून वाचला आणि पॉलिशच्या ओळीवर थांबली. त्या पिस्तुलाचा निळा रंग नळीच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंनी उडालाय, आतलं पांढरं पोलाद दिसतं. वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात आत-बाहेर होऊन. मुठीच्या लाकडावर अंगठ्याच्या जागी नक्षी जवळजवळ पुसली गेलीय. पोराला तो डाग दिसत होता. तिला तिथे नवरा दिसत होता. "हे घासणार?" एवढंच विचारलं तिने.

मी इतका वेळ डोक्यात सरळ दोन कॉलम केले होते, दिसणं आणि चालणं. ती म्हातारी तिसऱ्याच कॉलममध्ये उभी होती. तिलाही दिसणंच हवं होतं, फक्त वेगळं.

गनस्मिथने वाद घातला नाही. त्याने कपाटातून मुठीचे तीन नमुने काढले, चौकड्यांचे. इंचाला २० रेघा, २५ आणि ३०. ही नक्षी हाताने कानस चालवून कोरतात, आणि मुठीचा तो भाग मुळात पातळ असल्यामुळे जास्त खोल जायची सोय नसते. फोटोत सगळ्यात देखणी हीच. कामही खरं करते, घामेजलेला हात घसरू देत नाही. पण २० रेघांचा नमुना हातात दाबून धरला आणि म्हातारीचा चेहराच बदलला. खोबऱ्याच्या किसणीवर हात दाबल्यासारखं वाटलं असणार. ३० वाला त्यातल्या त्यात बरा. शेवटी तिने तिन्ही बाजूला सारले आणि गुळगुळीत मूठ धरली. चौकड्या रद्द. एकदा कोरलं की परत भरून काढता येत नाही, म्हणून आधी विचारलेलं बरं, असं गनस्मिथ म्हणाला.

गाईड रॉडही गेला. मूळ डिझाईनमध्ये तो आखूड असतो, पिस्तूल हातानेच उघडता येतं. लांब रॉडच्या काही प्रकारांत उघडायला वेगळा पाना लागतो. फायदा काय, यावर हौशी लोक तावातावाने बोलतात. माझं मत विचाराल तर हे 'चालण्या'चं सोंग घेतलेलं 'दिसणं' आहे. आपल्या धंद्यात दोन युजरच्या ॲपला मायक्रोसर्व्हिसेस लावतात, त्यातला प्रकार.

मग साईट. जुन्या १९११ ची साईट म्हणजे मुंगीएवढी. नवीन मोठी बसवायची तर स्लाईडमध्ये डव्हटेल खाच कापावी लागते, आणि वडिलांच्या पिस्तुलाला कायमची जखम होते. मला वाटलं म्हातारी नाही म्हणणार. ती म्हणाली, "काप. मला दिसायला नको का?" पोरगा मात्र कळवळला. रंगाला हात लावू न देणारी बाई पोलाद कापायला एका सेकंदात तयार!

शेपटाचं दुखणं वेगळंच निघालं. घोड्याचा चिमटा टाळायला हल्ली रुंद, वर वळलेलं शेपूट लावतात. नीट बसवायचं तर फ्रेमची मागची टोकं घासून गोलाई आणावी लागते, मग जोड इतका सफाईदार दिसतो की नख अडकत नाही. दुसरा प्रकार फ्रेम न घासता बसतो, पण मध्ये बोजड फट राहते. काम दोन्ही तेच करतात. पोराला पहिला हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. ती फट बघून मला वर्कशॉपची ट्यूबलाईट आठवत होती. म्हातारीने दुसरा निवडला. जुना भाग डब्यात ठेवता येईल, उद्या नातवाला वाटलं तर परत बसवेल, म्हणाली. रोलबॅक प्लॅन! टेस्टरच्या आईला शोभेल असाच.

जेफ कूपर म्हणून एक निवृत्त मरीन अधिकारी होता, १९७६ मध्ये ॲरिझोनात त्याने पिस्तूल शिकवायची शाळा काढली. या पिस्तुलाला दिसेल अशी साईट, नीट ओढता येईल असा चाप आणि टोचणाऱ्या कडा मोडणं, एवढं पुरे, अशा अर्थाचं त्याचं मत प्रसिद्ध आहे. म्हातारीने कूपर वाचला नसावा, पण फिरून यादी तिथेच आली.

पॉलिश मात्र झालं. गोळी मॅगझिनमधून नळीत चढते तो छोटा उतार. हे पिस्तूल मुळात गोल नाकाच्या लष्करी गोळीसाठी केलेलं. घरच्या संरक्षणासाठी वापरतात त्या पोकळ तोंडाच्या गोळ्या तिथे अडकू शकतात. गनस्मिथने तो उतार आरशासारखा केला, कोन मात्र जराही न बदलता. आणि मग अर्धा तास एका पोलादी पट्टीला किंचित वाकवत बसला. ती एक्स्ट्रॅक्टर, झाडलेली पुंगळी ओढून काढणारी. ताण कमी असेल तर पुंगळी अडकते, जास्त असेल तर नवी गोळी चढत नाही. वाकवायचं, बसवायचं, गोळी अडकवून हलवून बघायचं, पुन्हा काढायचं. हे दोन्ही भाग पिस्तुलाच्या आत. कोणी कधीही फोटो काढणार नाही.

पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये अडकित्ते आहेत ते आठवा. पातं धरणाऱ्या हातांचे घोडे, पोपट, बायका केलेल्या. हौसेला मोल नाही. पण जिथे सुपारी फुटते ती धार साधीच. तिथे कुणी वेलबुट्टी काढलेली नाही. सजवायचं कुठे आणि हात आखडायचा कुठे, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

दुसऱ्या टोकाला ऑलिम्पिकचं पिस्तूल. मूठ नेमबाजाच्या पंजावर बेतलेली, वर पुट्टी लावून बोटांच्या खळग्यांप्रमाणे पुन्हा घासलेली. दिसायला दाताच्या कवळीसारखी. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं तेव्हा फोटोत सगळे तिचा चेहरा बघत होते, मूठ कोण बघतंय? आणि २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मिनिटं गेली, फायनल हुकली. तिने २०२४ च्या पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन ते भरून काढलं, पण त्या दिवशी पिस्तूल कसं दिसतं याला काडीचीही किंमत नव्हती.

हे सगळं बघताना मला एक गोष्ट टोचत होती, लिहूनच टाकतो. ही वस्तू माणूस मारण्यासाठी केलेली आहे. दसऱ्याला आपणही शस्त्रांना झेंडूची फुलं वाहतो, पण आमच्या घरी त्यात स्क्रू ड्रायव्हर आणि स्कूटर असते. पोलादाचा तो सुबक जोड बघून मनातल्या मनात 'वा!' निघालं, आणि लगेच वाटलं, कशाला वा म्हणतोयस? त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हातारीला विचारायची हिंमत झाली नाही.

रेंजवर मी काचेमागे होतो. आधी तिला स्लाईड ओढताच येईना, बोटं साथ देत नव्हती. गनस्मिथने सांगितलं, आधी घोडा मागे घे, मग ओढ. घोड्याच्या स्प्रिंगचा विरोध त्यामुळे जातो. ओढली गेली. दुसऱ्या मॅगझिनला एक पुंगळी उभी अडकली. त्याने तिथेच एक्स्ट्रॅक्टर काढला, किंचित वाकवला, परत बसवला. त्यानंतर आई आणि मुलगा मिळून दोनशे गोळ्या, एकही अडली नाही.

सोन्याची अक्षरं शेवटी झाली, पण मुठीच्या लाकडी पट्टीच्या आतल्या बाजूला. स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाहीत. सोनंही नाही, टेस्टरने स्वतः सुईने कोरलीत. एक अक्षर जरा वाकडं आलंय. बग लॉग करू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "क्लोज्ड. वोन्ट फिक्स."