पोटरी लवते तेव्हा...

गेल्या रविवारी पहाटे पळस्पे फाट्यापर्यंत धावून आलो आणि सोफ्यावर पाय पसरले. बघतो तर डोळा लवतो तशी पोटरी लवत होती. मला गंमत वाटली. आईला नाही. "पुरे आता ते धावणं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कारण मामा. पेणकडचा कबड्डीपटू, मांड्या अशा की बघत राहावं. शेहेचाळिसाव्या वर्षी कुलपात किल्ली फिरेना. मग घास उचलेना. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत जातात. चार वर्षांत गेला, डोकं शेवटपर्यंत शाबूत. आईचं ठाम मत, शरीर झिजवलं त्याने.

म्हटलं, खरंच असं असतं का? रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. बेसबॉलवाला लू गेरिग सलग २१३० सामने खेळला आणि १९४१ मध्ये ३७व्या वर्षी याच आजाराने गेला. इटलीत ७३२५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी झाली (२००५). एकही केस अपेक्षित नव्हती म्हणा ना, सापडल्या पाच. पण तिथल्याच सायकलपटूंत आणि बास्केटबॉलवाल्यांत एकही नाही! म्हणजे नुसता घाम गाळणं हे कारण नव्हे. डोक्याला बसणारे मार? अजून नक्की नाही. स्कॉटलंडच्या ४१२ माजी रग्बीपटूंत धोका पंधरा पट निघाला (२०२२), पण पंधरा पट म्हणजे कशाच्या, हे आधी बघायचं. केसेस मोजक्याच होत्या. असो, आमच्या धंद्यातली खोड.

शिवाय ही सगळी व्यावसायिक मंडळी. रविवारी धावून मिसळ खाणाऱ्यांची पाहणी नव्हे.

झोप उडवली ती शेफील्डच्या २०२१च्या अभ्यासाने. जोरकस व्यायामाचा धोका सगळ्यांना सारखा नाही, ज्यांच्या जनुकांतच काही आहे त्यांना तो भोवू शकतो.

डॉक्टर म्हणाले, धावल्यावर पोटरी लवणं अगदी कॉमन, ताकद कमी वाटली तर या. जनुकांची टेस्ट? बहुतेक पेशंटच्या घरात दुसरं कुणी नसतं, मामाचंही तसंच असेल. हवी तर करा, पण घरी बोलून.

इथेच गाडी अडलीय. माझ्यात काही निघालं तर ते बहुधा आईकडूनच आलेलं असणार. टेस्ट माझी, रिपोर्ट तिचाही. आणि ती आता साठीला आली.

डॉक्टरकडे गेलो होतो हे तिला अजून सांगितलेलं नाही. मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय, तेही नाही.