दारावर आलेली माणसं

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मी एकवीस. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. आमचं गाव अमळनेरजवळ. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

खानदेशात अशा घरी लोक 'दारावर' येतात. गंधमुक्ती होईपर्यंत रीघ असते. बायका आत, पुरुष ओट्यावर. आणि येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक कारण घेऊन येतो. कुणी म्हणालं, तेवढंच आयुष्य लिहिलेलं होतं. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं देणं फिटलं. शेजारच्या आक्का रोज सकाळी भाकरी आणि पिठलं आणायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "चांगला मानूस देवले भी लागस, बेटा." चौथ्या दिवशी मी बोलून गेलो, की मग देवाला तुमचा पोरगा का नाही लागला? तो पोरगा, माझ्याच वयाचा, समोर बसलेला होता.

आक्का काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या भाकरी घेऊन आल्या.

मी रडलो नव्हतो, हेही लोकांनी पाहून ठेवलं होतं. पुढे जळगावला शिकताना अल्बेर काम्यूची 1942 सालची 'द आउटसायडर' ही कादंबरी वाचली, तेव्हा आपला ओटाच आठवला. त्यातल्या मर्सोवर खटला चालतो तो खुनाचा. पण सरकारी वकील बोलत राहतो ते, हा माणूस आईच्या अंत्यविधीला रडला नाही, याबद्दल.

त्याच वर्षी काम्यूचा 'द मिथ ऑफ सिसिफस' हा निबंधही आला. 'अॅब्सर्ड' या शब्दाचं आपण मराठीत 'असंगत' करतो, 'निरर्थक' करतो, आणि पुष्कळदा 'कशालाच काही अर्थ नाही' एवढ्यावर विषय संपवतो. काम्यू तसं म्हणत नाही. माणूस 'का?' म्हणून विचारत राहतो आणि जग गप्प राहतं. या दोघांच्या समोरासमोर येण्यात असंगती आहे, एकट्या जगात किंवा एकट्या माणसात नाही. त्या गप्पपणावर घाईघाईने उत्तराचं झाकण ठेवायला त्याचा विरोध आहे. मला वाटलं, माझ्या बाजूने बोलणारा कुणीतरी भेटला. अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञानाची एक नावाजलेली संस्था आहे. तिच्या दारावरून मी कितीदा गेलो होतो. पण मला माझं तत्त्वज्ञान एका फ्रेंच माणसाकडून मिळालं, याचा त्या वयात थोडा अभिमानही वाटला.

तो अभिमान उतरवला 'कोसला'ने. भालचंद्र नेमाडे आमच्याच जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 1963 मध्ये 'कोसला' आली तेव्हा ते पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत गावी परततो. त्याची धाकटी बहीण मनी मरते. मराठीतली पहिली अस्तित्ववादी कादंबरी वगैरे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण मनीच्या मरणाची पानं वाचताना तो शब्द आठवलाही नाही. पांडुरंग त्या मरणाचं कारण शोधून समाधान करून घेत नाही. त्याच्या बोलण्यात सारखे येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लोकांनी विनोद म्हणून उचलले. मला त्यात मोठं वाक्य तोंडात येताच ते टाकून देणारा माणूस दिसला. आक्कांचं वाक्य मला का सोसलं नव्हतं, ते तिथे कळलं.

मग एका हौशी संघाने केलेलं 'महानिर्वाण' पाहिलं. सतीश आळेकरांचं हे नाटक 1974 चं, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पहिल्यांदा केलेलं. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच लावतात. जुन्याच स्मशानात जाळा, असा त्यांचा हट्ट, आणि ते स्मशान तर बंद होतंय. युरोपात असंगत नाट्याने भाषाच मोडून टाकली. आळेकरांनी कीर्तनाची अख्खी चौकट जशीच्या तशी ठेवली आणि आत निरूपणाला मढं उभं केलं. प्रेक्षक हसत होते. मीही हसलो, आणि हसता हसता एकदम रडायला आलं. भाऊ जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो आणि आक्का भाबड्या. पण बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' पुन्हा वाचताना एका जागी अडकलो. 1953 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालेलं हे नाटक. गोदो येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला आठवत नव्हतं ते हे, की एस्ट्रॅगॉनला भूक लागते आणि व्लादिमीर खिशात हात घालून त्याला खायला देतो. आधी चुकून सलगम निघतो, मग गाजर. दोन अंकांत गोदो येत नाही. गाजर मात्र येतं.

कडू घास म्हणतात आमच्याकडे त्या जेवणाला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून दुसऱ्यांनी आणलेलं. आक्कांचं वाक्य मी तेरा दिवस नाकारत होतो आणि त्यांची भाकरी तेरा दिवस खात होतो. त्यातलं दुसरं माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. त्या दिवसाबद्दल मी त्यांची माफी मागायची राहून गेली. मी दारावर गेलो. त्यांचा मुलगा त्याच्या ओट्यावर बसलेला होता, त्यानेही ते वाक्य तेव्हा ऐकलं होतं. मला काही बोलता येईना. देवाला लागल्या, असं मी म्हणणार नव्हतो. ते मला आजही पटत नाही. जग गप्प असतं, हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती, आणि ते त्याला कळतच होतं.

मी शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने बायकोने बांधून दिलेला डबा पुढे सरकवला.

"दोन घास खाई ले," मी म्हणालो.

त्याने डबा उघडला.