चूक कमरेत, कळ करंगळीत

बँकेत वीस वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. फरक हजारांचा असला तर तो पाच मिनिटांत सापडतो. एका रुपयाचा असला तर रात्रीचे आठ वाजवतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या कॅशमध्ये एक रुपया कमी आला. तीनदा मोजून झालं. शेवटी तो महाभाग खुर्चीच्या पायाशी दिसला. उठायचा आळस करून मी बसल्या जागीच तिरका वाकलो, रुपया उचलला आणि तसाच राहिलो. कॅश टॅली झाली. मी झालो नाही.

‘उसण भरली असेल,’ असं सगळ्यांचं मत पडलं. उसण मला ठाऊक आहे. ती चांगल्या घरची पाहुणी असते. चार दिवस शेक घेते आणि आपल्या वाटेने जाते. हे प्रकरण निराळं निघालं. तिसऱ्या दिवशी कंबर मोकळी झाली आणि कळ डाव्या पायात उतरली. कुल्ल्यात सुरू व्हायची, मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने थेट करंगळीपर्यंत. खोकलो की करंगळीत वीज, शिंकलो की करंगळीत वीज. शिंक येतेय असं वाटलं की मी आधी भिंत धरायला शिकलो. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आणि बँकेत तिसऱ्या अवस्थेची सोय नाही.

डॉक्टरांनी मला उताणं निजवलं आणि डावा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला. लासेग नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. “दुखलं की सांगा,” ते म्हणाले. वेगळं सांगावं लागलं नाही. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

“सायटिका,” डॉक्टर म्हणाले.

“पण डॉक्टर, वाकलो मी कमरेत. करंगळीचा काय संबंध?”

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कमरेच्या तळाशी मणक्यांतून नसांच्या मुळ्या निघतात आणि त्यांची मिळून एक बोटाएवढी जाड नस पायात उतरते. शरीरातली सगळ्यांत जाड नस ती हीच. दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. गादीचं कडं फाटलं की आतला मऊ गर बाहेर येतो आणि मुळीवर ठाण मांडतो. मेंदूला एवढंच कळतं की करंगळीच्या तारेवरून तक्रार आली आहे. तार मध्येच कुठे दाबली गेली, हे त्याला दिसत नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे मला हे चटकन समजलं. चूक हेड ऑफिसची, नावे पडलं शाखेच्या खात्यात.

गादीचा हा दोष जगाच्या नीट ध्यानात यायला १९३४ साल उजाडलं. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी तेव्हा तो सप्रमाण मांडला. आपल्याकडे चरकसंहितेत हे दुखणं कुल्ल्यापासून पावलापर्यंतच्या क्रमानेच वर्णिलेलं आहे. नाव गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी त्याच्यासारखा चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात. ही माहिती मी घरी दिली तेव्हा आमची ही म्हणाली, “अगदी खरं आहे हो!” इतक्या वर्षांत माझं म्हणणं तिने इतक्या लवकर कधी मान्य केलं नव्हतं.

मग एम.आर.आय. झाला. नळकांड्यात पडून मी अर्धा तास पासबुक छापायच्या यंत्राचा आवाज ऐकत होतो. बँकेतून सुटल्याची भावना तेवढी झाली नाही. रिपोर्टमध्ये गादी बाहेर आलेली होती, पण डॉक्टर त्यावर फारसे भुलले नाहीत. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे असेच फोटो काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. म्हणजे फोटो एकट्याने काही सिद्ध करत नाही. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं, बाहेर आलेला गरही बरेचदा आपोआप आक्रसतो, असा दिलासा त्यांनी दिला. “मात्र बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच रात्री इस्पितळ गाठा.” आमच्या वडिलांच्या काळी या रोग्याला महिना-महिना फळीवर झोपवत आणि पायाला वजनं टांगत. आता डॉक्टर म्हणतात, झेपेल तेवढं चालत राहा. शेजारचे आजोबा मात्र अजून फळी घेऊन दारात उभे असतात.

खरी पंचाईत ऑफिसात झाली. या दुखण्याला ताप नाही, सूज नाही, प्लास्टर नाही, दाखवायचं काय? एक सहकारी सगळ्यांदेखत म्हणाला, “गेल्या आठवड्यात कंबर होती ना? या आठवड्यात पाय?” सगळे हसले. मी हसलो नाही. वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

आठ वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक दफ्तरी होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नाण्यांच्या पिशव्या स्ट्राँगरूममधून काउंटरपर्यंत आणायचं काम त्यांचं. रजेचं रजिस्टर माझ्याकडे. त्यांचा अर्ज आला, ‘पायास कळा येत असल्याने चार दिवस.’ मी म्हणालो, “मामा, गेल्या महिन्यात कंबर होती, या महिन्यात पाय. पुढच्या महिन्यात काय?” शाखा खदखदून हसली. मामाही हसले आणि स्टुलाच्या कडेवर अर्धेच टेकले. ते नेहमी तसेच बसत. त्यावरही आमचे विनोद होते. अर्जावर मी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून तो आत पाठवला. ते पाहून साहेबांनी चार दिवस बिनपगारी केले. पाचव्या दिवशी मामा पुन्हा पिशव्या उचलत होते.

मामा आता रिटायर होऊन गावी असतात. नंबर शोधायला मला दोन दिवस लागले आणि फिरवायला आणखी तीन.

“सायटिका?” मामा म्हणाले. “डावा का उजवा?”

“डावा.”

“माझा उजवा हुता. कुशीवर झोपा सायेब, गुडघ्यात उशी धरून. लई वेळ बसू नका.”

“मामा, तुमच्या त्या रजेच्या वेळी मी जे…”

“उशी जरा जाड घ्या,” मामा म्हणाले. मग पलीकडे थोडा वेळ नुसतीच खरखर. “आन् सायेब, पुढच्या म्हैन्यात काय?”

आणि ते असे हसले, की मलाही हसू आवरेना. हसलं तरी करंगळीत वीज जाते. मी फोन कानाला तसाच ठेवून भिंत धरली.