लवण

"मामा, सोलापूरला चढाचे रस्ते कुठले?" चार वर्षांपूर्वी भाच्यानं लीड्सहून फोनवर विचारलं. डिसेंबरात तो तीन आठवडे येणार होता आणि सायकल सुटी करून खोक्यात घालून सोबत आणणार होता. मी त्याला सांगितलं, "इथं चढ नाहीत रे. सोलापूर ताटासारखं सपाट आहे. चढ हवा असेल तर तुळजापूरचा घाट आहे, तेवढाच."

हे मी पूर्ण खात्रीनं बोललो होतो. सहा वर्षं सायकल चालवत होतो. मी शिकवतो त्या शाळेची वेळ अकराची, म्हणून पहाटे निघून हिप्परग्याच्या एकरुख तलावापर्यंत जायचं, थंडीत आलेले पाहुणे पक्षी पाहायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचं. रविवारी थोडं पुढं, तामलवाडीपर्यंत. हा सगळा प्रवास चौपदरी रस्त्यावरचा. त्या रस्त्यानं मला जे सोलापूर दाखवलं, तेच मी खरं धरलं होतं.

भाचा राहतो तो भाग इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये. २०१४ साली टूर द फ्रान्स ही शर्यत फ्रान्सऐवजी तिथून, लीड्समधून सुरू झाली होती. तिथले आडरस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता रचलेली दगडी कुंपणं, पलीकडं मेंढ्या. रस्ता खाली ओढ्याकडं उतरतो, वर चढतो, पुन्हा उतरतो. मोठा डोंगर कुठंच नाही, पण सपाट असे सलग दोन मैलही मिळत नाहीत. फोनवर तो हे सांगायचा तेव्हा मला वाटायचं, असं सुख आपल्या नशिबी नाही.

तो आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मोठा रस्ता सोडू. बार्शी रोडनं जाऊ."

सकाळी सहाला निघालो. थंडी होती, तळवे बधिर झाले होते. शहर मागं पडलं, ट्रक कमी झाले आणि उजाडता उजाडता एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. मला दम लागत होता. समोर चढ दिसत नव्हता, वारा नव्हता, टायरमध्ये हवा भरपूर होती. तरी पाय जड. मग अचानक पाय मोकळे व्हायचे, सायकल आपोआप धावायची, अंगाला बोचरी गार हवा लागायची आणि ओल्या काळ्या मातीचा वास यायचा. पुन्हा दम. पुन्हा हवेत थोडी ऊब. रात्रीची थंड हवा जड असते, ती खोलगट जागी साठून राहते. रस्त्याचा उतार मला कातडीनं आधी सांगितला, डोळ्यांना तो नंतर दिसला.

नान्नजच्या अलीकडं द्राक्षबागा लागल्या. मी भाच्याला सांगितलं, सोनाका द्राक्ष इथलंच. नानासाहेब काळे यांनी इथं ते वाण निवडून वाढवलं आणि त्याला नाव देताना सोलापूरचा 'सो', नान्नजचा 'ना' आणि काळ्यांचा 'का' घेतला. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता क्वचितच दिसतो. आम्हाला पिवळ्या गवतात काळविटांचा कळप दिसला, आणि चंडोल सरळ वर उडत गेला. भाचा सायकल थांबवून कितीतरी वेळ तिथं उभा राहिला.

वडाळ्याच्या पुढं एका चढावर मी हरलो. उतारावर आरामात बसून आलो होतो, पाय थांबवले होते. समोरचा चढ अर्धा झाला आणि सायकल जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. उतरून ढकलू लागलो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी हाक मारली.

"कुठं निघाला पाव्हणं?"

"वैरागला, बाबा."

"लवणात उतरताना पाय थांबवू नगा. तितंच जोर धरायचा. त्या जोरात निम्मं टेकाड आपसूक चढतंय बघा."

पुढचं त्यांचं बोलणं मी नीट ऐकलंच नाही. 'लवण', म्हणजे दोन टेकाडांमधला खोलगट भाग. हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो.

माझे वडील गिरणीत कामाला होते. गाव वैरागच्या बाजूला. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाळी सुटली की बावीस इंची काळी सायकल काढायचे, मला पुढच्या दांडीवर टॉवेलची घडी घालून बसवायचे आणि आम्ही गावाला निघायचो. रात्र व्हायची. डायनामोचा दिवा चाक फिरेल तेवढाच उजेड द्यायचा, चढावर मंद आणि उतारावर लख्ख. मला झोप येऊ नये म्हणून वडील मोजायला लावायचे. "हे चिंचेचं लवण. आता बोरीचं लवण येईल. मग पांढरीचं टेकाड." अंतर ते कधी मैलांत सांगत नसत. "अजून चार लवणं," म्हणायचे. चौथ्या लवणाच्या वर आलं की गावातले दिवे दिसायचे.

मी शाळेत गेलो, शिकवायला लागलो, गावाला एसटीनं आणि मग गाडीनं जाऊ लागलो. गाडीत चढ इंजिनाला लागतो, आपल्याला नाही. लवणं माझ्या आयुष्यातून गेली तशी तो शब्दही गेला. आणि वडिलांनी मोजायला शिकवलेल्या मुलखाला मी ताटासारखा सपाट म्हणू लागलो.

त्या सकाळी वैरागपर्यंत मी लवणं मोजली. मोजता मोजता या मुलखाची रचना उलगडू लागली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थिजून काळा खडक झाला. त्यावर सीना-भीमेला मिळणाऱ्या लहान लहान ओढ्यांनी वाटा कोरल्या. खोलगट जागी माती वाहत आली आणि साठली, तिथं काळी जमीन, ज्वारी, हरभरा, विहीर. उंचावरची माती धुऊन गेली, तिथं मुरूम, बरड, कुसळी गवत आणि मेंढरं. आडवा जाणारा रस्ता या दोन्हींतून आळीपाळीनं जातो. सायकलवाल्याला रंगावरून कळतं: पुढं हिरवं दिसलं की उतार, तांबूस-पिवळं दिसलं की चढ. शेतकऱ्यांनी उतारावर आडव्या रचलेल्या दगडी ताली पाहून भाचा म्हणाला, "मामा, आमच्याकडच्या भिंती अशाच असतात." तिथल्या भिंती मेंढरांना अडवतात, इथल्या ताली मातीला.

वैरागला भजी-चहा घेतला, सोबतची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि मागं फिरलो. परत येताना शेळ्यांवाल्या बाबांचं ऐकलं. उतार संपायच्या आधी दोन दाते जड गिअर, पाय चालू, ओढ्याच्या पुलावर पूर्ण वेग, आणि चढ जसा धरेल तसा एक एक गिअर हलका. सकाळी ज्या टेकाडावर ढकलत गेलो, त्याच्या माथ्यावर आता पलीकडच्या बाजूनं बसल्या बसल्या पोहोचलो. बाबा तिथं नव्हते. मला त्यांना सांगायचं होतं.

घरी आल्यावर भाच्यानं घड्याळातला आकडा दाखवला. नव्वदहून जास्त किलोमीटर आणि एकूण चढाई ५४० मीटर. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढाई साधारण सहाशे मीटरची. एकही डोंगर न दिसता आम्ही जवळजवळ सिंहगड चढून आलो होतो.

त्यानंतर मी आडरस्तेच धरले. अक्कलकोटकडचे, मंगळवेढ्याकडचे, आणि कुडल संगमाला जाणारे, जिथं सीना भीमेला मिळते आणि जिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. प्रत्येक रस्त्याचा स्वभाव वेगळा. पावसाळ्यात नळदुर्गला गेलो. बोरी नदीला पाणी होतं, किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळत होते. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी होता, दोन तासांत पोहोचलो. येताना तोच वारा छातीवर घेत साडेतीन तास लागले. त्या दिवशी पटलं, की जून ते ऑगस्ट सोलापूरचा सगळ्यात मोठा घाट म्हणजे वारा, आणि त्याला माथा नसतो.

नव्यानं निघणाऱ्यांना सांगतो. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी या, इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. दोन बाटल्या पाणी कमीच पडतं. कडेच्या धुळीत सायकल घालू नका, सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे तिथंच असतात. दोन ट्यूब जवळ ठेवा. पंक्चर झालंच तर जवळच्या वस्तीवर थांबा. मला आजवर कुणी पाणी न देता जाऊ दिलेलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे. रस्ते रुंद होतात तेव्हा टेकाडं कापतात, लवणं भरावानं बुजवतात आणि कडेची चिंच, वड, कडुनिंब तोडतात. गाड्यांना ते लागतं, हे मला कळतं. मोठ्या रस्त्यांचं तसं व्हावंही. पण गावाला गाव जोडणारे लहान रस्ते डांबर नीट करून, झाडं राखून, आहे त्या वळणा-उतारांसह ठेवता येतात. तिथून शाळेची पोरं, दूधवाले, शेतमजूर आजही सायकलवर जातात. जमीन मूळची कशी आहे, हे त्या रस्त्यांवरच कळतं.

मागच्या महिन्यात शाळेतल्या नववीच्या आठ मुलांना घेऊन नान्नजला गेलो. परत निघताना एक मुलगी थकली आणि विचारू लागली, "सर, अजून किती किलोमीटर?"

मी म्हणालो, "तीन लवणं."

तिनं शब्दाचा अर्थ विचारला नाही. उतार आला, तिनं पाय चालू ठेवले आणि टेकाडावर पोहोचल्यावर मागं वळून ओरडली, "दोन राहिली!"